थंडीतला असायटिस : उंचावरचा आजार पुण्याच्या शेडमध्ये कसा ओळखायचा, मोजायचा आणि रोखायचा

डिसेंबर-जानेवारीत पुणे जिल्ह्यातल्या ब्रॉयलर (मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) शेडवर एक ठरलेली तक्रार ऐकू येते. बॅच चौथ्या-पाचव्या आठवड्यात आलेली असते, वजनं छान भरलेली असतात आणि रोज सकाळी पाच-सात पक्षी मेलेले मिळतात. त्यात नर जास्त. पोट टम्म फुगलेलं, तुरा निळसर काळा, पक्षी हातात घेतला की आत पाणी हलतं. "पोटात पाणी झालंय," असं म्हणत कुणी अँटिबायोटिक देतं, कुणी लिव्हर टॉनिकच्या बाटल्या पाण्यात ओततं. पैसे जातात, मरतूक तशीच राहते. जंतू मारून हा आजार, म्हणजे असायटिस, बरा होत नाही, कारण त्याचं मूळ शेडमधल्या हवेत आहे.

हा आजार मुळात डोंगरावरचा. कोंबड्यांच्या आधी तो गाईंमध्ये नोंदला गेला. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या उंच कुरणांवर चरणाऱ्या गाईंच्या छातीखाली आणि गळ्याखाली पाणी साठायचं. ग्लोव्हर आणि न्यूसम यांनी १९१५ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. पुढे बोलिव्हिया, पेरू, मेक्सिकोच्या पठारांवर पाळलेल्या ब्रॉयलरमध्ये असंच चित्र दिसलं. आणि ब्रॉयलरची वाढ जसजशी वेगवान झाली, तसतसा तो कमी उंचीवरच्या शेडमध्येही दिसू लागला.

उंचावरच्या पशुरोग संशोधनाशी पुण्याचं नातं जुनं आहे. इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ मध्ये पुण्यातच, कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली, कारण गुरांच्या बुळकांडीसारख्या रोगांवर काम करायला वस्तीपासून दूर आणि थंड जागा हवी होती. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

आधी कारण समजून घ्या

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे जवळपास २१ टक्केच असतं. उंचावर हवेचा दाब कमी होतो, म्हणून दर श्वासाला कमी ऑक्सिजन मिळतो. समुद्रसपाटीच्या तुलनेत पुण्यात, म्हणजे सुमारे ५६० मीटरवर, हा दाब साधारण ६ टक्क्यांनी कमी आहे. महाबळेश्वरला तो १५ टक्क्यांच्या आसपास कमी आणि लेहला जवळपास ३५ टक्के कमी. सहा टक्क्यांनी एरवी काही बिघडत नाही. पण ब्रॉयलर हा पक्षी आधीच ऑक्सिजनच्या काठावर जगत असतो. पाच-सहा आठवड्यांत दोन-अडीच किलोचं शरीर उभं करायला लागणारा ऑक्सिजन त्याचं छोटं हृदय आणि छोटी फुप्फुसं कशीबशी पुरवतात. पक्ष्याची फुप्फुसं बरगड्यांना घट्ट चिकटलेली असतात. आपल्यासारखी ती फुगत नाहीत आणि त्यांतल्या केशवाहिन्याही फारशा रुंदावत नाहीत. जास्त रक्त ढकलायचं तर दाब वाढवावा लागतो, आणि तो भार हृदयाच्या उजव्या बाजूवर पडतो.

उजव्या कप्प्याची भिंत जाड होते. पक्ष्यांमध्ये तिथली झडप स्नायूचीच असते. भिंतीबरोबर तीही जाड होते आणि नीट मिटत नाही. रक्त मागे, यकृताकडे तुंबतं आणि यकृतातून रक्ताचा पाण्यासारखा भाग पोटात झिरपतो. तेच ते पोटातलं पाणी. म्हणून पाणी दिसलं म्हणजे गोष्ट आजची नाही, दोन-तीन आठवडे आधीच बिघडलेली आहे, असं समजायचं.

लडाखमधल्या याक, गाई आणि त्यांच्या संकरांच्या फुप्फुसधमनीतला (हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीतला) दाब मोजणारा एक अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गाईच्या मानाने याकमध्ये तो दाब कमी निघाला. पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहिलेल्या जनावरात आणि फक्त वजनासाठी निवडलेल्या पक्ष्यात हाच फरक आहे. आपली गावरान कोंबडी हळू वाढते, म्हणून तिच्यात हा आजार क्वचितच दिसतो. पानशेत किंवा महाबळेश्वरच्या बाजूला, डोंगरावर कुक्कुटपालन करायचं असेल तर ब्रॉयलरऐवजी हळू वाढणारा पक्षी निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पक्षी फाडण्याआधी : हे बर्ड फ्लूसारखं तर नाही ना?

ही पायरी कधीही वगळू नका. मरतूक एकदम वाढली, एका-दोन दिवसांत कित्येक पटींनी गेली, डोकं सुजलं, पायांवर रक्ताळलेले डाग दिसले, आसपासचे कावळे किंवा परसातल्या कोंबड्याही मरू लागल्या, तर एकही पक्षी फाडू नका आणि हलवू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक रोग कायद्यानुसार असं कळवणं बंधनकारक आहे. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, ते दिवस कुक्कुटपालकांना अजून आठवत असतील. असे नमुने शासकीय यंत्रणेमार्फत भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात. आपण आपल्या हाताने काही पाठवायचं नाही.

असायटिसची मरतूक वेगळी ओळखू येते. ती रोज थोडी थोडी असते, दोन-तीन आठवडे रेंगाळते आणि मोठे, नर पक्षी जास्त जातात.

पहाटे चारला शेडमध्ये जा

दिवसा गेलात तर काही सापडणार नाही. पुण्यात हिवाळ्यात दुपारी २८-३० अंश असतात, शेडच्या बाजूंचे पडदे उघडे असतात, शेड छान वाटतं. पहाटे पारा १० च्या खाली उतरतो, पडदे वरपर्यंत ओढलेले असतात आणि खरी परिस्थिती तेव्हा समोर येते.

बाहेर मोकळ्या हवेत दहा मिनिटं थांबा आणि मग आत शिरा. शेडमध्ये रोज काम करणाऱ्याचं नाक वासाला सरावलेलं असतं, त्यामुळे त्याला विचारून उपयोग नाही. आत जाऊन उकिडवं बसा, पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीला. उभ्या माणसाच्या नाकाला जाणवत नाही तो अमोनिया खाली लिटरजवळ, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या तुसाजवळ, असतो. डोळे चुरचुरले तर अमोनिया बहुधा २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर आहे. तो २० च्या खाली ठेवायला हवा. ओल्या करून वापरायच्या अमोनियाच्या पट्ट्या मिळतात, त्या घेतल्या तर अंदाजाऐवजी आकडा हातात येतो.

मग मूठभर लिटर घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर ते सुटं झालं तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. पत्र्याच्या आतल्या बाजूला हात फिरवा. पाण्याचे थेंब लागले तर आतली दमट हवा बाहेर जातच नाहीये. शेवटी दिवे मंद ठेवून दोन मिनिटं शांत ऐका. चोच उघडून धापा टाकणारे, एका जागी बसलेले, घशातून घरघर येणारे पक्षी कोपऱ्यात दिसतील. त्यांच्यावर खूण करा. पुढच्या तपासणीसाठी हेच पक्षी लागतील.

पक्षी फाडून बघणं

मेल्यापासून दोन-तीन तासांच्या आतला पक्षी घ्या, कुजलेल्यातून काही कळत नाही. शेडपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या दिशेला, फीडच्या गोदामाजवळ नाही अशा जागी काम करा. हातमोजे, मास्क आणि गमबूट हवेतच. पक्षी आधी जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून घ्या, म्हणजे पिसांची धूळ उडत नाही. शक्यतो पशुवैद्यकाकडून करून घ्या किंवा निदान पहिल्यांदा त्यांच्या देखरेखीखाली करा.

पोटाची कातडी सोलून पडदा हळूच कापा. असायटिसमध्ये पिवळसर, पारदर्शक पाणी निघतं आणि त्यात जेलीसारख्या गुठळ्या असतात. पाणी मोजपात्रात घेऊन किती आहे ते लिहा. यकृत सुरुवातीला सुजलेलं असतं आणि पुढे आक्रसून कडेने गोलसर, खडबडीत होतं. फुप्फुसं लालभडक, पाणथळ. हृदय मोठं, आणि त्याची उजवी बाजू ढिली लोंबणारी.

इथे गफलत होते ती दिसायला सारख्या आजारांत. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरून हृदय सोललेल्या लिचीसारखं दिसत असेल, यकृत फिकट सुजलेलं असेल आणि तीन ते पाच आठवड्यांच्या पक्ष्यांत मरतूक अचानक उसळली असेल, तर तो विषाणूचा लिची रोग असू शकतो. हृदयावर आणि यकृतावर पांढरा-पिवळा, दह्यासारखा थर असेल तर ई. कोलाय या जिवाणूचा संसर्ग. पक्षी पाठीवर उताणा, अन्नपिशवी भरलेली, पोटात पाणी अजिबात नाही, तर तो अचानक मृत्यूचा प्रकार, ज्याला इंग्रजीत 'फ्लिप-ओव्हर' म्हणतात. फुप्फुसांत पिवळ्या-हिरवट गाठी असतील तर बुरशी आहे, आणि ही बुरशीसुद्धा पुढे असायटिस घडवून आणते. म्हणून एका पक्ष्यावरून निष्कर्ष काढू नका, निदान पाच पक्षी बघा.

हृदय तोलणं

माझ्या मते सगळ्या तपासणीतलं हे सर्वांत उपयोगी काम आहे. शेतकऱ्याच्या हाताशी खरा पुरावा यातूनच येतो. लागतो फक्त ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, सोनार वापरतात तसा. शेडचा फीड तोलायचा काटा इथे चालत नाही.

हृदय काढा. भोवतीची पिशवी, चरबी, मोठ्या रक्तवाहिन्या आणि वरचे दोन्ही लहान कप्पे कापून टाका. खालचे दोन कप्पे उरतील. आत गोठलेलं रक्त असेल तर धुऊन टिश्यू पेपरने टिपून घ्या, नाहीतर वजन फसवं येतं. आता उजव्या कप्प्याची बाहेरची भिंत मधल्या पडद्याला जिथे चिकटलेली आहे, तिथून छोट्या कात्रीने कडेकडेने सोडवा. ही भिंत निरोगी पक्ष्यात पातळ, पापुद्र्यासारखी असते. आजारी पक्ष्यात ती हाताला मांसल लागते, कात्रीलाच फरक कळतो. ती वेगळी तोला. मग डावा कप्पा आणि मधला पडदा एकत्र तोला. उजव्या भिंतीच्या वजनाला दोन्हींच्या बेरजेने भागा.

उदाहरण घ्या. उजवी भिंत १.६ ग्रॅम, बाकीचं ६.४ ग्रॅम, बेरीज ८. भागाकार ०.२०. हे ठीक आहे. दुसऱ्या पक्ष्यात उजवी भिंत २.९ आणि बाकीचं ५.५, बेरीज ८.४, म्हणजे भागाकार ०.३५ च्या जवळ. ०.२५ च्या पुढे गेलं की उजव्या बाजूवर ताण आला असं समजा आणि ०.३० च्या आसपास किंवा पुढे गेलं की हृदय हरत चाललं आहे. पोटात अजून पाणी नसलेल्या पक्ष्यातही हा आकडा वाढलेला सापडतो, आणि त्याची खरी किंमत तिथेच आहे. म्हणून विक्रीच्या वेळी धडधाकट दिसणाऱ्या पाच पक्ष्यांची हृदयंही तोला. त्यांचा आकडा सांगेल की बाकी बॅच किती काठावर उभी होती.

नमुना औंधला पाठवताना

पुण्यातल्यांचं नशीब असं, की पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग औंधलाच आहे. नमुना तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या पत्रासह गेला तर काम सोपं होतं. जंतू तपासायचे असतील तर अवयव वेगवेगळ्या स्वच्छ पिशव्यांत बर्फावर पाठवा, पण गोठवू नका. पेशींच्या तपासणीसाठी फुप्फुस, यकृत आणि हृदयाचे अर्ध्या सेंटिमीटर जाडीचे काप १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रवात टाका. फॉर्मॅलिनमधला नमुना बर्फात ठेवायचा नाही. फीडमधल्या अफ्लाटॉक्सिनची (बुरशीच्या विषाची) शंका असेल तर एका पोत्यातून नको, अनेक पोत्यांच्या वेगवेगळ्या थरांतून थोडं थोडं घेऊन एकत्र केलेलं किलोभर फीड द्या. अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवतं आणि त्यानेही पोटात पाणी होतं.

सोबतच्या कागदावर वय, जात, बॅच किती पक्ष्यांची, रोजची मरतूक, लसी, दिलेली औषधं आणि पहाटेचं तापमान लिहा. 'पक्षी मरत आहेत' एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवरून प्रयोगशाळेला फारसं काही सांगता येत नाही.

पडदे : खरी लढाई इथे आहे

"साहेब, पडदा उघडला तर पिल्लं गारठतील." हे वाक्य प्रत्येक शेडवर ऐकू येतं, आणि ते काळजीपोटीच येतं. पण बंद शेडमध्ये पक्ष्यांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ, लिटरमधून अमोनिया साठत जातो. थंडीत अंग गरम ठेवायला पक्ष्याला जास्त ऑक्सिजन हवा असतो आणि नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. पुण्याच्या ५६० मीटरवर शेड अशी बंद केली की आतल्या पक्ष्यासाठी ती उंचावरचीच होते.

पडदा वरून उघडा, खालून कधीच नाही. वरच्या बाजूला संपूर्ण लांबीभर एक ते दीड फूट फट रात्रभर राहिली पाहिजे. गार हवा वरून शिरते, छताखालच्या कोमट हवेत मिसळते आणि पक्ष्यांवर थेट पडत नाही. वारा ज्या बाजूने येतो तिकडची फट थोडी कमी ठेवा, दोन्ही बाजू पूर्ण बंद मात्र करू नका. पडदा खालच्या कडेला नीट बांधलेला हवा, कारण पक्ष्यांना गारठवतो तो तिथल्या फटीतून येणारा झोत. छताच्या कण्याला वाट असेल तर ती पोती कोंबून बुजवू नका. संध्याकाळी पडदा एकदम ओढून न घेता उतरत्या तापमानाबरोबर टप्प्याटप्प्याने वर घ्या.

तूस रोज सकाळी ऊन आल्यावर, पडदे उघडे असताना हलवा. ड्रिंकरखालचं ओलं तूस काढून बदला. थंडीत शेड बंद असताना लिटरवर चुना टाकू नका, चुन्याने अमोनिया आणखी सुटतो.

ब्रूडिंगमध्ये पुढची मरतूक ठरते

ब्रूडिंग म्हणजे पिल्लांना सुरुवातीला कृत्रिम ऊब देणं. पहिल्या दोन आठवड्यांत गारठलेलं पिल्लू पाचव्या आठवड्यात मरतं. पिल्लं येण्याआधी निदान २४ तास शेड आणि लिटर तापवा. पहिल्या दिवशी पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश ठेवा आणि पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी खाली आणा. थर्मामीटर भिंतीवर टांगू नका, चिक गार्डच्या (पिल्लांभोवतीच्या कुंपणाच्या) आत पिल्लांजवळ टांगा. त्याहीपेक्षा पिल्लांकडे बघा. ती सगळीकडे सारखी पसरलेली असली तर तापमान बरोबर आहे.

कोळशाच्या शेगड्या वापरत असाल तर धूर बाहेर जायला वाट हवीच. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. आणि अशा बंद शेडमध्ये कोणत्याही कामगाराने झोपू नये. थंडीच्या रात्री शेगडीशेजारी झोपलेली माणसंही दगावतात.

खाद्य, उजेड, पाणी

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढ थोडी आवरली की हृदयाला सावरायला वेळ मिळतो आणि वजनाची कसर नंतर बरीचशी भरून निघते. यासाठी रात्री चार ते सहा तास अंधार ठेवणं हा सर्वांत सोपा उपाय. आधीच्या हिवाळ्यात नुकसान झालं असेल तर या काळात पेलेटऐवजी (दाबून केलेल्या गोळ्यांऐवजी) मॅश (भरड खाद्य) देऊन बघा. कंपनीशी करार करून पाळलेली बॅच असेल तर कंपनीच्या सुपरवायझरशी बोलून ठरवा, परस्पर फीड बदलू नका.

मिठाकडे लक्ष द्या. खाद्यात किंवा बोअरच्या पाण्यात सोडियम जास्त असेल तर पिल्लांमध्ये असायटिस होतो. बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या, शिरूर-दौंड भागात तर नक्कीच. क जीवनसत्त्वाचा काही प्रयोगांत फायदा दिसला आहे, ते द्यायला हरकत नाही. पण हवा न सुधारता औषधांवर खर्च करणं मला पटत नाही.

चालू बॅचमध्ये मरतूक सुरू झाली असेल तर

पोट भरलेला पक्षी वाचत नाही. त्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेगळं काढा आणि त्याच्यामागे औषधं घालू नका. बाकीच्यांसाठी त्याच रात्री वरची फट उघडा, ओलं लिटर काढा, रात्रीचा अंधार वाढवा. पक्ष्यांना दचकवणारी कामं, वजनासाठी धरपकड वगैरे, दुपारी उबेत करा. जे पक्षी विक्रीच्या वजनाला आले आहेत त्यांची उचल लवकर करता येते का ते बघा, कारण रोज वाढणाऱ्या वजनाबरोबर धोकाही वाढतो. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका.

नोंदवही

एक साधी वही पुरते. रोज पहाटेचं किमान तापमान, अमोनियाचा आकडा, एकूण मरतूक, त्यातली पोटात पाणी असलेली किती, आणि आठवड्यातून एकदा तोललेल्या हृदयांचे भागाकार. दोन हिवाळे नोंदी झाल्या की फट कमी ठेवलेल्या रात्री आणि त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातली मरतूक शेजारी शेजारी मांडून बघता येते. मावळात, मुळशीत, जुन्नरच्या वरच्या गावांत आणि खाली दौंडला एकाच कंपनीची पिल्लं पाळणारे शेतकरी असतील तर चौघांनी मिळून एकाच पद्धतीने हृदयं तोलावीत. उंचीचा वाटा किती आणि पडद्याचा किती, हे अशा आकड्यांतून वेगळं काढता येतं. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनाही अशी माहिती प्रबंधासाठी उपयोगी पडेल. वही त्यांना बघायला द्या, आणि पुढची बॅच टाकण्याआधी स्वतःही एकदा चाळा.